शेजारच्याला किती मिळतात?

जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारने आठव्या वेतन आयोगाला मान्यता दिली. तेव्हापासून नाशिकरोड आणि देवळाली कॅम्पातल्या चहाच्या टपऱ्यांवर 'फिटमेंट फॅक्टर' म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रेल्वे, टपाल, लष्करी आस्थापनांतले मुलकी कर्मचारी यांना त्यात रस असणारच. जुन्या मूळ वेतनाला ज्याने गुणून नवे काढतात तो हा गुणक सातव्या आयोगाने 2.57 धरला आणि किमान मूळ वेतन 7,000 रुपयांवरून 18,000 वर नेले, हे त्यांना तोंडपाठ आहे. गंमत अशी की मोबाइलवर आकडेमोड करणाऱ्यांत आयोगाशी काडीचा संबंध नसलेलेही असतात. अंबडच्या कंपनीतला सुपरवायझर असतो, खासगी क्लासचे सर असतात, मेडिकलवाला असतो. ते आपला पगार काढत नसतात. मेव्हण्याचा काढत असतात.

मेव्हण्याचा पगार आपल्या सुखात नेमका कुठून शिरतो, हा प्रश्न अर्थशास्त्रात अडीचशे वर्षे तरी जुना आहे. ॲडम स्मिथने 1776 मध्ये त्याला सदऱ्याच्या वाटेने हात घातला. ग्रीक आणि रोमन लोक लिननशिवाय सुखाने जगत होते, असे तो सांगतो. पण त्याच्या काळच्या युरोपात लिननचा सदरा अंगात नसेल तर साध्या रोजंदारी मजुरालाही चारचौघांत जायची लाज वाटेल. म्हणजे 'गरज' ही वस्तू पोटावरून ठरत नाही, चारचौघांवरून ठरते. आपल्याकडे हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागला नसता. लग्नाला जायचे तर गळ्यात काय घालायचे, ही घरातली बोलणी ऐकली तरी पुरे.

पुढे मार्क्सने 1847 मध्ये ब्रसेल्सच्या कामगारांपुढे केलेल्या व्याख्यानांत घराचे उदाहरण घेतले. आजूबाजूची घरे तेवढीच लहान असतील तोवर लहान घरात राहणाऱ्याचे काही बिघडत नाही. शेजारी राजवाडा उभा राहिला की त्याच घराची झोपडी होते. घराची एक वीटही हललेली नसते.

हे उदाहरण वाचताना मला नेहमी सिडको दिसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांसाठी सिडको या सरकारी महामंडळाने नाशिकात सहा योजनांमध्ये घरे बांधली. एकाच नकाशावरची, भिंतीला भिंत लागून, रांगेने. पहिल्या दिवशी सगळ्यांचे सारखे. मग एकाने पुढे पत्र्याची पडवी काढली, दुसऱ्याने जिना घातला, तिसऱ्याने वर मजला चढवला आणि खाली गाळा भाड्याने दिला. आज पवननगर किंवा उत्तमनगरच्या गल्लीतून चालताना कोणाचा ओव्हरटाइम कुठवर गेला, कोणाचा मुलगा नोकरीला लागला आणि कोणाची कंपनी बंद पडली, हे वर मान करून वाचता येते. मूळ नकाशा सारखा नसता तर हे वाचन एवढे सोपे झाले नसते. गंगापूर रोडच्या बंगल्यापुढून जाताना सिडकोतला माणूस फार तर 'मोठा आहे' म्हणेल. त्याची झोप उडते ती भिंतीपलीकडच्या स्लॅबमुळे.

ही गोष्ट पुढे संशोधकांना पुन्हा पुन्हा सापडत गेली: माणूस अंबानींशी तुलना करत नाही, बरोबरीच्याशी करतो. 1899 मध्ये थॉर्स्टीन व्हेब्लेनने श्रीमंतांच्या दिखाऊ खर्चावर बोट ठेवले. 1949 मध्ये जेम्स ड्यूझेनबेरीने म्हटले की कुटुंब किती बचत करते हे त्याच्या कमाईपेक्षा आसपासच्या लोकांत त्याची पायरी कितवी, यावर जास्त ठरते. त्याच वर्षी आलेला एक निष्कर्ष मात्र जरा थांबून पाहावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धात सॅम्युएल स्टाउफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांची मोठी पाहणी केली. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, लष्करी पोलिसांत फार हळू. तरी बढतीच्या पद्धतीवर समाधानी कोण? लष्करी पोलीस. कारण त्यांच्या बरोबरचा कोणीच वर जात नव्हता. हवाई दलात मात्र प्रत्येकाला आपल्याच तुकडीतला वर गेलेला कोणी ना कोणी दिसत होता. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या कोणालाही हे पटेल. राज्यात हजारो जण नापास होतात त्याचे काही वाटत नाही. शेजारच्या खुर्चीवरच्याची पोस्ट निघाली की त्या रात्री पुस्तक उघडत नाही.

इथे एक आडवळण घेतो, कारण त्याशिवाय नाशिकातून हा इतिहास सांगणे अप्रामाणिक होईल.

या गावाला समाधानाच्या उपदेशाची कमी नाही. समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली ती टाकळीला, नंदिनी-गोदावरीच्या संगमावर, असे परंपरा सांगते. सगळ्या बाजूंनी सुखी असा जगात कोण आहे, हे त्यांनी मनालाच शोधायला सांगितले. शहाणपण म्हणून ते खरे आहे. पण टाकळीपासून काळाराम मंदिर फार लांब नाही. 2 मार्च 1930 रोजी तिथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षांनी, 13 ऑक्टोबर 1935 ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. आंबेडकरांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. साध्या विषमतेत वरचे आणि खालचे असे दोन तट असतात. इथे तळाची पायरी सोडली तर प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहे आणि आपली पायरी राखण्यात प्रत्येकाचा थोडा तरी स्वार्थ आहे, म्हणून सगळे मिळून उठत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञांच्या भाषेत सांगायचे तर ही व्यवस्था लोकांना तुलनेचे वर्तुळ नेमून देते. कोणी कोणाकडे बघायचे, कोणाशी बरोबरी मनातही आणायची नाही, हे जन्माने ठरलेले. अशा समाजात 'समाधानी' माणसे पुष्कळ सापडतील आणि त्या समाधानाला काही किंमत नसेल. म्हणून तुलनेला सरसकट हेवा म्हणून मोडीत काढणाऱ्यांशी माझे जमत नाही. कधी कधी ती बरोबरीची पहिली मागणी असते.

तसेच कांद्याचे. नोव्हेंबर 1980 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी मोठे आंदोलन झाले. त्यामागची मांडणी उघड तुलनेची होती. एका बाजूला शहरी 'इंडिया', दुसऱ्या बाजूला खेड्यांतला 'भारत'. शेतकऱ्याला मिळणारा भाव आणि कारखान्यातून येणाऱ्या वस्तूंचा भाव शेजारी शेजारी ठेवून पाहा, एवढेच जोशी सांगत होते. अंथरूण पाहून पाय पसरा, हा सल्ला अंथरूण कोणी कापले हे विचारत नाही.

आता पुन्हा पुस्तकी वाटेला. 1974 मध्ये रिचर्ड ईस्टरलिन यांनी जो प्रश्न विचारला त्यावर अजून भांडणे चालू आहेत: देशाचे उत्पन्न वाढले की माणसे जास्त सुखी होतात का? एका वेळी एका देशात पाहिले तर जास्त कमावणारे जास्त सुखी असल्याचे सांगतात. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत उत्पन्न वाढत गेले तरी सरासरी सुख त्या मानाने वाढलेले दिसेना. ईस्टरलिन यांचे उत्तर होते तुलना. सगळ्यांच्या उंचीत वाढ झाली तर रांगेतली तुमची जागा बदलत नाही.

त्यांनी वापरलेल्या सामग्रीत हॅडली कँट्रिल यांची पाहणी होती आणि तिच्यात भारतही होता. लोकांना शिडीचे चित्र दाखवून विचारत की तुम्ही कोणत्या पायरीवर आहात, आणि तुमच्या लेखी सुख म्हणजे काय. एका भारतीय शेतमजुराने सांगितले: मुलगा हवा, जमिनीचा तुकडा हवा, घर बांधायचे आहे, दुधातुपाला गाय हवी, बायकोला बरे कपडे घ्यायचे आहेत, एवढे झाले की मी सुखी. अमेरिकन माणसाच्या यादीत स्वतःचे घर, चांगले फर्निचर, नवी गाडी, आणखी सुट्ट्या. दोघांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या गावात शिवलेल्या. त्या मजुराच्या नातवाची यादी आज काय असेल, हे निफाड किंवा दिंडोरीच्या एखाद्या बांधावर विचारून पाहायला हरकत नाही. गाय तीत असेल असे मला वाटत नाही.

ईस्टरलिन सगळ्यांना पटले नाहीत. 2008 मध्ये बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी जास्त देशांची, जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन सांगितले की श्रीमंत देशांतले लोक खरोखर जास्त समाधानी आहेत आणि एका ठरावीक उत्पन्नानंतर पैशाचा उपयोग संपतो असेही दिसत नाही. हा वाद संख्याशास्त्रातला आहे आणि इथे त्यात शिरत नाही. तुलनेचा चटका बसतो, यावर मात्र दोन्हीकडचे फारसे भांडत नाहीत.

चटकाच बसतो, की कधी ऊबही मिळते? अल्बर्ट हर्शमन यांनी 1973 मध्ये बोगद्याची उपमा दिली. दोन लेनचा बोगदा, दोन्ही लेन एकाच दिशेला, वाहतूक ठप्प. अचानक बाजूची लेन हलते. पहिली भावना आनंदाची असते: चला, पुढे मोकळे झालेले दिसते, आता आपलाही नंबर येईल. बराच वेळ आपली लेन हललीच नाही तर त्याच दृश्याचा संताप होतो आणि माणूस नियम मोडून गाडी आडवी घालतो. कसारा घाटात ट्रकमागे अडकलेल्या नाशिककराला याची टीप द्यावी लागत नाही.

द्राक्षांच्या पट्ट्यात या दोन्ही अवस्था दिसतात. एखाद्याची बाग एक्सपोर्टला गेली, त्याच्या दारात नवा ट्रॅक्टर आला की सुरुवातीला गाव त्याच्याकडे जाते. कलमाला काड्या मागायला, फवारणीचे वेळापत्रक विचारायला. त्याचे यश ही आपल्या उद्याची बातमी असते. क्लॉडिया सेनिक यांना 1990 च्या दशकातल्या रशियाच्या आकडेवारीत हेच दिसले: सगळे उलथेपालथे झालेले असताना आपल्यासारख्यांचे उत्पन्न वाढले की माणसे खट्टू होत नव्हती, उलट समाधान वाढत होते. पण गारपीट एकाच्या बागेवर पडते आणि रस्त्यापलीकडची वाचते. कर्ज घेऊन उभा केलेला मांडव सलग दोन-तीन हंगाम भरून देत नाही. मग काड्या मागायला जाणारे पाय त्या दाराकडे वळत नाहीत.

1990 नंतर या विषयावर संशोधनाचा पूर आला. अँड्र्यू क्लार्क आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी 1996 मध्ये सुमारे 5 हजार ब्रिटिश कामगारांच्या माहितीवरून दाखवले की आपल्यासारख्या माणसाला साधारण किती मिळते तो आकडा जितका मोठा, तितके आपले समाधान कमी. त्यात एक बोचरा तपशील होता: सारख्या पगारावर जास्त शिकलेला माणूस कमी समाधानी. बी.ई. होऊन बारा तासांची शिफ्ट करणाऱ्याला हे वाचून दाखवू नये.

1998 मध्ये सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे यांनी हार्वर्डच्या एका विभागातल्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांना निवड दिली. तुम्हाला वर्षाला 50 हजार डॉलर आणि इतरांना 25 हजार. किंवा तुम्हाला 1 लाख आणि इतरांना 2 लाख. वस्तूंचे भाव दोन्हीकडे सारखेच. जवळपास निम्म्यांनी पहिले जग निवडले, म्हणजे इतरांच्या पुढे राहता यावे म्हणून अर्धा पैसा सोडला. सुट्टीच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. दुसऱ्याला आठ आठवडे मिळाले तर मिळू देत, मला दोनाऐवजी चार हवेतच. सुट्टी दिसत नाही, पैसा दिसतो. निदान तेव्हा तरी सुट्टी दिसत नव्हती. आता महाबळेश्वरचे फोटो घरी पोचायच्या आधी स्टेटसला लागतात.

2005 मध्ये एर्झो लुटमर यांनी अमेरिकेतल्या शेजाराची तपासणी केली. शेजाऱ्यांची कमाई वाढली की माणसे स्वतःला कमी सुखी सांगतात, आणि शेजाऱ्यांत जितकी ऊठबस जास्त तितका हा परिणाम जास्त. वाड्यात वाढलेल्यांनी यावर हसून घ्यावे. दुसऱ्या एका प्रयोगात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या काही कर्मचाऱ्यांना कळवण्यात आले की सहकाऱ्यांचे पगार एका संकेतस्थळावर पाहता येतात. ज्यांचा पगार आपल्या गटाच्या मध्यापेक्षा खाली होता ते नाराज झाले, दुसरी नोकरी शोधू लागले. वरचे खूश झाले का? फारसे नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातला हा एकतर्फीपणा मला सगळ्यात लक्षणीय वाटतो. खाली असल्याचे दुःख पदरात पडते, वर असल्याचा आनंद कुठे जमा होत नाही.

आपल्या देशातला पुरावा ओडिशातून आला. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी तिथल्या छोट्या उत्पादन केंद्रांत मजुरांचे गट केले. काही गटांत सगळ्यांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. आपल्याला दुसऱ्यापेक्षा कमी मिळते हे कळलेल्या मजुरांचे काम घटले, आणि काही जण कामावर यायचेही कमी झाले; स्वतःची रोजी बुडवून. पण जिथे कोणी किती माल काढला हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होते, तिथे मजुरीतल्या फरकाने असे काही झाले नाही. हे संशोधन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले.

लासलगावच्या बाजार समितीत हा प्रयोग आठवड्याचे सहा दिवस चालतो. कांद्याचा लिलाव उघड्यावर असतो. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरपासून दुसऱ्याकडे सरकतो, माल हातात घेऊन पाहिला जातो, बोली होते, भाव चिठ्ठीवर उतरतो. पुढच्या ट्रॉलीला क्विंटलमागे दोनशे रुपये जास्त गेले हे मागच्याला त्याच क्षणी कळते. तरी दरवेळी भांडण होत नाही, कारण मालही समोर असतो. त्याचा एकसारखा, रंगाला चांगला, पत्ती टिकलेली. आपल्यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त, चाळीत थोडा डागलेला. फरक कळतो आणि पचतो. तोच शेतकरी सकाळी एक भाव आणि दुपारी त्याच मालाला दुसरा पाहतो, किंवा निर्यातीवर बंदी आली म्हणून सगळ्यांचाच भाव पडतो (डिसेंबर 2023 मध्ये तसे झाले), तेव्हा लिलाव बंद पाडतो. दोनशेचा फरक सोसणारा माणूस तोच असतो.

द्राक्षांचा सौदा मात्र बागेत होतो, व्यापारी आणि मालक दोघांत. तिथे शेजाऱ्याला किलोला किती मिळाले हे तोच सांगेल तेवढे, आणि तो खरे सांगेलच असे नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कोणा बागाईतदारानेच पाडली असावी असा माझा संशय आहे.

ही म्हण नॉर्वेत अक्षरशः मोजली गेली. तिथे प्राप्तिकराची माहिती फार पूर्वीपासून सार्वजनिक, पण पाहायची तर कचेरीत जावे लागे. 2001 मध्ये ती इंटरनेटवर आली आणि लोक शेजारी, वर्गमित्र, साडू यांची नावे टाकून पाहू लागले. रिकार्डो पेरेझ-ट्रुग्लिया यांच्या 2020 च्या अभ्यासानुसार त्यानंतर जास्त आणि कमी कमावणाऱ्यांच्या सुखातले अंतर 29 टक्क्यांनी वाढले. कोणाचे उत्पन्न बदलले नव्हते, फक्त दिसू लागले होते. 2014 मध्ये नियम बदलला: तुमची माहिती कोणी पाहिली हे तुम्हाला कळणार. शोध घेणाऱ्यांची संख्या धाडकन कोसळली. वाकून बघायला सगळे तयार होते, वाकलेले दिसायला कोणी नाही.

आपल्याकडे असे संकेतस्थळ नाही, आणि त्याची फार गरजही पडत नाही. स्थळ पाहताना उत्पन्न विचारतातच. अडचण वेगळी आहे: सगळ्यांचे आकडे एका मापाचे नसतात. पुण्याच्या आयटी कंपनीतला मुलगा वर्षाचे पॅकेज सांगतो, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीही धरलेली असते. सरकारी नोकर मूळ वेतन सांगतो, भत्ते पोटात ठेवतो. शेतकरी मिळालेला भाव सांगतो, औषधांचे आणि मजुरीचे बिल सांगत नाही. दुकानदार 'चाललंय' म्हणतो. या चार आकड्यांची रांग लावून गल्ली आपले सुखदुःख ठरवते.

टपरीवरच्या गुणाकाराचेही तसेच. 2.57 ऐकले की पगार अडीचपट झाला असे वाटते. पण सातवा आयोग लागू होताना जुन्या मूळ वेतनावर 125 टक्के महागाई भत्ता आधीच मिळत होता. 7,000 वाल्याच्या हातात भत्ता धरून 15,750 पडतच होते. नव्या वेतनात तो भत्ता मुरवला आणि महागाई भत्ता पुन्हा शून्यावर आला. 15,750 चे 18,000 झाले, म्हणजे खरी वाढ 14.29 टक्के. ही वजाबाकी मेव्हण्याला माहीत असते, आणि तो ती सहसा सांगत नाही.